एका माणसाची भाजी कमी

नोकरीतल्या बऱ्याच गोष्टी आता पुसट झाल्या आहेत. चोऱ्या, मारामाऱ्या, बांधावरची भांडणं, सगळ्यांची सरमिसळ होते आणि कोणता आरोपी कोणत्या ठाण्यातला हे सांगताना मी अडखळतो. पण वाशीम जिल्ह्यातल्या एका तालुक्याच्या गावी अनुभवलेली पंधरा ऑगस्टची ती सकाळ मला मिनिटामिनिटानं आठवते. त्या सकाळचा गुन्हा कुठंही नोंदला गेला नाही, म्हणून ती सरकारी दप्तरात सापडायची नाही. नावं मी मुद्दाम देत नाही. त्यातली माणसं अजून तिथंच राहतात, निवृत्तीनंतर मीही तिथंच घर केलं, आणि ती मला बाजारात भेटतात.

मी मूळचा नगर जिल्ह्यातला. वऱ्हाडात ठाणेदार म्हणून आलो तेव्हा पहिले काही महिने इथल्या बोलण्याचा मला राग यायचा. म्हातारी माणसं सरळ माझ्या टेबलापाशी येऊन 'तू काहून आमची गोठ आयकत नाई?' असं विचारायची. आमच्याकडे ठाणेदाराला असं कोणी बोललं असतं तर हवालदारानं त्याला दारातूनच फिरवला असता. पुढे कळलं की इथं माणूस आपला वाटला की त्याला असंच बोलतात. मला हे कळायला वेळ लागला. एकूणच मला बऱ्याच गोष्टी उशिरा कळल्या, आणि ही हकीकत त्यातल्याच एकीची आहे.

त्या वर्षी तहसील कचेरीच्या समोर अकरा माजी सैनिक मांडव टाकून बसले होते. लढाई पाहिलेली माणसं होती, पण बहुतेकजण पंधरा वर्षं भरायच्या आत घरच्या अडचणीपायी नाव कटवून परत आलेले, त्यामुळे पेन्शन नाही. उतारवयात ते एटीएमच्या खोल्यांवर, कापसाच्या जिनिंगच्या गेटवर पहारेकरी म्हणून उभे राहायचे. लागोपाठ दोन वर्षं पावसानं दगा दिला, बाजार थंडावला, जिनिंग बंद पडली आणि कंत्राटदारांनी सगळ्यात आधी म्हाताऱ्या पहारेकऱ्यांना घरी बसवलं. सरकारनं त्यांना फार पूर्वी जमिनीचे तुकडे मंजूर केले होते. आदेशाचा कागद प्रत्येकाजवळ प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेला होता. जमिनीचा ताबा मात्र कोणालाच मिळालेला नव्हता, आणि मागणी तेवढीच होती.

त्यांचे म्होरके केनवडचे सुभेदार. पूर्ण नोकरी केलेले, त्यामुळे त्यांना स्वतःला पेन्शन होती आणि जमीनही नको होती. ते बाकीच्या दहांसाठी बसले होते. उंच, सडसडीत, आवाज असा की रस्त्यावरची रिक्षा थांबावी.

आंदोलनाचे मांडव मी पुष्कळ पाहिले आहेत. दोन दिवसांनी तिथं पत्ते निघतात, तिसऱ्या दिवशी भांडणं होतात, आणि चौथ्या दिवशी कोणीतरी सरबत पाजायला येईल का म्हणून माणसं वाट पाहतात. इथं तसलं काही नव्हतं. चपला एका ओळीत, घोंगड्यांच्या घड्या एका मापाच्या. पहाटे अकराही जण रांगेनं गावाबाहेर फिरून यायचे. संध्याकाळी सुभेदार 'गिनती' घ्यायचे, म्हणजे हजेरी. कोणाला मांडव सोडून कुठं जायचं असेल तर त्यानं नाव, ठिकाण आणि वेळ चिठ्ठीवर लिहून एका पत्र्याच्या पेटीच्या फटीतून आत टाकायची. पेटीला कुलूप, किल्ली सुभेदारांच्या खिशात. गिनतीच्या वेळी ते पेटी उघडत आणि चिठ्ठ्या एका वहीत चढवत. दुसरा कोणी त्या पेटीला हात लावत नसे. आमच्या गोपनीय शाखेचा जमादार रोज अहवालात 'शांततेत' एवढंच लिहायचा आणि वर मला म्हणायचा, "साहेब, आपल्या बराकीपेक्षा तेथली झाडझूड चांगली हाय." मला ते झोंबायचं, कारण ते खरं होतं.

सरकारकडून त्यांना उत्तरं मिळत होती, नाही असं नाही. 'आपले निवेदन उचित कार्यवाहीसाठी पाठविण्यात आले आहे' असं एक पत्र आलं. महिनाभरानं तसंच दुसरं आलं. मग ऑगस्टच्या सुरुवातीला सुभेदारांच्या सहीचं एक पत्र सगळ्या कचेऱ्यांना आणि माझ्या ठाण्याला पोहोचलं. 'ताबा न मिळाल्यास आमच्यापैकी एक जण स्वातंत्र्यदिनी झेंडावंदनाच्या वेळी तहसील आवारात आत्मदहन करील.'

अशी पत्रं काय असतात हे आमच्या खात्यात सगळ्यांना माहीत आहे. पंधरा ऑगस्ट आणि सव्वीस जानेवारी जवळ आले की ती गठ्ठ्यानं येतात. बहुतेक इशारे अधिकाऱ्यांचं लक्ष वेधण्यासाठी असतात. पण नेमका कोणता खरा, हे आधी कोणी सांगू शकत नाही, म्हणून सगळ्यांनाच सारखं वागवावं लागतं. मी सुभेदारांना कलम एकशे एकोणपन्नासची नोटीस दिली, म्हणजे असं काही करू नका अशी आगाऊ लेखी ताकीद. वरून आदेश आला की सही करणाऱ्याला झेंडावंदन होईपर्यंत ताब्यात ठेवा. चौदा तारखेला दुपारी मी त्यांना प्रतिबंधक कारवाईखाली ठाण्यात आणलं.

त्यांनी काही कुरकुर केली नाही. ठाणे अंमलदारानं अंगझडती घेतली. चष्मा, रुमाल, तंबाखूची डबी आणि एक छोटी किल्ली निघाली. यादी झाली, सही झाली, वस्तू पाकिटात घालून ड्रॉवरमध्ये ठेवल्या. तिकडे साडेपाचच्या सुमाराला माझ्या माणसांनी मांडवाचीही झडती घेतली. स्टोव्ह, रॉकेलचा डबा उचलून आणला. पत्र्याची पेटी एका शिपायानं हलवून पाहिली आणि "कागद वाजून राह्यला, साहेब" म्हणून परत ठेवली. सहा वाजता तहसीलचं आवार सील केलं, दोन्ही फाटकांवर माणसं लावली. मी स्टेशन डायरीत नोंद केली, घरी जाऊन जेवलो आणि शांत झोपलो. ते शांत झोपणं आठवलं की मला आजही स्वतःची लाज वाटते.

पंधरा ऑगस्टला सकाळी सव्वासातला मी ठाण्यात गणवेशाचा पट्टा आवळत होतो. ठाण्यातलं झेंडावंदन आटोपून बंदोबस्तावर निघायचं होतं. तेवढ्यात एक बाई डोक्यावरची टोपली व्हरांड्यात उतरवून थेट आत आल्या. गावालगत त्यांचा भाजीचा मळा होता. रोज बाजाराला जाता जाता त्या मांडवात अकरा माणसांपुरती भाजी टाकून जात, हे मला जमादाराच्या अहवालातून माहीत होतं. का टाकता असं त्यानं एकदा विचारलं तर त्या म्हणाल्या होत्या, हे लोक रोज पहाटे माझ्या मळ्याच्या कडेनं जातात आणि आजवर एका मिरचीला कोणी हात लावला नाही.

"सायेब, तुमी चुकीच्या मानसाले धरून ठेवलं," त्या म्हणाल्या.

मी घाईत होतो. "काकू, झेंडावंदनानंतर या."

"नंतर येऊन मी काय करू? मांडवातला थो आसेगाववाला मानूस हाय न, गरीब, कोनाशी बोलत नाई? काल सकाळी मी भाजी देली त मले म्हने, 'बाई, उद्यापासून एका मानसाची भाजी कमी आनत जा.' म्या म्हनलं, काहून? कोनी घरी जाऊन राह्यलं का? त थ्यानं सांगतलं नाई, नुसता हासला. रातभर माह्या जिवाले चैन नाई. आता मांडवात जाऊन आली, त थो तेथी नाई."

हातातला पट्टा तसाच राहिला. पोलिसात माणूस पुष्कळ ऐकतो, धमक्या, शपथा, रडणं. पण मरायला निघालेला माणूस आपल्यामागं भाजी वाया जाऊ नये याची सोय लावून जातो, असं मी आधी कधी ऐकलं नव्हतं. त्या बाईंना बसायला खुर्ची द्यायलाही मी विसरलो.

आसेगावचा हा माणूस म्हणजे फौजेतला नायक. बायको अंथरुणाला खिळली म्हणून नाव कटवून आलेला. ती वारली. एक मुलगी, जऊळक्याला दिलेली. मी जमादाराला मांडवात पिटाळलं. पाच मिनिटांत त्याचा फोन आला. बाकीचे म्हणत होते, नायक काल संध्याकाळीच निघाला, पोरीकडे गेला असेल. मुलीचा नंबर मिळवून मी स्वतः फोन लावला. ती म्हणाली, "बाबा येथी आलेच नाई. काहून, साहेब? काय झालं?" मी तिला काही झालं नाही म्हणून सांगितलं आणि लगेच जऊळक्याहून निघून यायला सांगितलं. ही दोन वाक्यं एकमेकांशी जुळत नव्हती हे तिला कळलंच असणार.

झेंडावंदन नऊ वाजून पाच मिनिटांनी. आठ वाजत आले होते. शाळेची मुलं प्रभातफेरी आटोपून तहसीलच्या आवारात जमायला लागली होती. नायक कुठं आहे हे माहीत नसताना फाटकांवरची माणसं वाढवण्याला काही अर्थ नव्हता. मी सुभेदारांना कोठडीतून माझ्या खोलीत आणवलं.

"नायक कुठं आहे?"

"पत्रावर सही माही हाय. काय इचाराचं ते मले इचारा."

"तुम्हालाच विचारतोय. पत्रात 'एक जण' म्हटलंय, तो नायक आहे का?"

"सही माही हाय," ते पुन्हा म्हणाले आणि समोरच्या भिंतीकडे बघत राहिले.

चौकशीचे जे काही मार्ग मला ठाऊक होते ते मी वापरून पाहिले. आवाज चढवला, कलमं सांगितली, मुलांची गर्दी सांगितली. शत्रूच्या हाती सापडल्यावर नाव आणि नंबर यापलीकडे बोलायचं नाही, हे ज्याला तरुणपणी शिकवलंय त्याच्यापुढे माझी कलमं म्हणजे काहीच नव्हतं. शेवटी मी ओरडणं सोडलं आणि व्हरांड्यातल्या काकूंना आत बोलावलं. म्हटलं, काल तुम्हाला तो काय बोलला ते यांना सांगा.

त्यांनी सांगितलं. एका माणसाची भाजी कमी.

सुभेदार खुर्चीतून उठले आणि पुन्हा बसले. चेहऱ्यावरचा सगळा ताठा एका क्षणात गेला आणि समोर नुसता एक म्हातारा माणूस उरला.

"सायेब, ते पत्र खोटं होतं," ते म्हणाले. "कचेरीतला एक जन म्हने, इशारा देल्याबिगर कागद वर चढत नाई. म्हनून मी लिवलं. कोनी जळाचं नव्हतंच. गिनतीत मी ते सगळ्यायले वाचून दाखवलं, 'आपल्यातला एक जन'. कोन ते सांगतलं नाई, कारन कोनीच नव्हता न. मंग नायकानं मले इचारलं, 'साहेब, सही तुमची, मंग हा शब्द पलटनीचा झाला का?' मी म्हनलं, हो झाला. मले काय मालूम तो मनात काय घेऊन चालला."

दुसऱ्या कोणत्याही आंदोलनात असा इशारा वाचून लोक हसले असते, टाळ्या पिटल्या असत्या. या माणसांना वरिष्ठानं वाचून दाखवलेला शब्द हुकूम वाटत होता. आणि हुकुमात नाव नसेल तर सगळ्यात मुकाट माणूस तो आपल्या अंगावर घेतो, हेही त्यांच्यातच घडू शकतं.

"काल गिनती कोनं घेतली?" सुभेदारांनी अचानक विचारलं.

"कोणी नाही. तुम्ही इथं होता."

"पेटी उघडली?"

"किल्ली..." मी म्हणालो आणि थांबलो. किल्ली माझ्या ठाण्याच्या ड्रॉवरमध्ये पाकिटात होती, यादीनिशी, माझ्या सहीनिशी.

"तो चिठ्ठी टाकल्याबिगर जानार नाई," सुभेदार म्हणाले. "मरायले निंगाला तरी टाकूनच जाईन."

त्यांना सोडू नये असा लेखी आदेश माझ्या टेबलावर पडलेला होता. वरिष्ठ साहेब जिल्ह्याच्या परेडवर, त्यांचा फोन लागेना. मी ठाणे अंमलदाराला म्हटलं, डायरीत लिही, ठाणेदार स्वतःच्या जबाबदारीवर इसमास तपासकामी बाहेर नेत आहेत. तो माझ्याकडे बघतच राहिला. मी म्हटलं, बघू नकोस, लिही.

मांडवात सुभेदारांनी पेटी उघडली. आत एकच चिठ्ठी होती. अक्षर शाळकरी, पण स्वच्छ. नायक अमुक अमुक. बाहेर जाण्याची वेळ सतरा शून्य शून्य. ठिकाण, तहसील आवार, मागची जुनी कोषागाराची खोली. आणि 'परत' या शब्दापुढे एक आडवी रेघ.

आम्ही आवार सील केलं सहाला. तो पाचला आत जाऊन बसला होता. आदल्या संध्याकाळी सुभेदार मांडवात असते तर गिनतीला त्यांनी पेटी उघडली असती, आणि दिवस मावळायच्या आत कान धरून नायकाला परत आणलं असतं. त्याला अडवू शकणारा सबंध तालुक्यात एकच माणूस होता, आणि त्यालाच मी उचलून कोठडीत घातलं होतं. बंदोबस्ताच्या नावाखाली इतकी मोठी चूक मी आयुष्यात दुसरी केली नाही.

ती खोली कचेरीच्या पाठीमागं, वापरात नसलेली, म्हणून सील करताना कोणी उघडून पाहिली नव्हती. पुढच्या अंगणात मुलं 'वंदे मातरम्' म्हणत होती. आठ-पस्तीस झाले होते. माझे शिपाई दार फोडायला तयार होते. सुभेदारांनी हात आडवा केला. "वर्दीवाले मांगं राहा. दाराले लात मारसान त तो तेवढ्यात करून घेईन." शिपायांना मी कोपऱ्यामागं उभं केलं. मी मात्र सुभेदारांच्या मागं तीन पावलांवर थांबलो.

ते दारासमोर सावधानमध्ये उभे राहिले आणि त्या आवाजात फौजी हिंदीत ओरडले, "संतरी! गार्ड कमांडर बोल रहा हूँ. तेरी ड्यूटी खत्म. बाहर आ!"

सुभेदारांच्या कानशिलावरून घाम ओघळत होता. त्यांनी पुन्हा तेच म्हटलं.

मग आतून दबका, अगदी साधा आवाज आला. "साहेब, बदली कोन हाय?"

मी फौजेत नव्हतो, पण पोलीस मुख्यालयात गार्ड ड्यूटी केलेली आहे. पहाऱ्यावरचा माणूस दुसरा आल्याशिवाय जागा सोडत नाही. आतला माणूस अडवणूक करत नव्हता. त्याची जागा कोण घेणार एवढंच तो नियमाप्रमाणे विचारत होता. सुभेदारांनी वळून माझ्याकडे पाहिलं. त्यांनी 'मी' म्हटलं असतं तर जळायची पाळी त्यांच्यावर आली असती, आणि नायकानं ती त्यांच्यावर येऊ दिली नसती, हे त्यांना माझ्यापेक्षा चांगलं कळत होतं.

मी पुढे झालो. हे मी ठरवून केलं असं सांगितलं तर ते खोटं होईल. तोंडातून निघून गेलं. "मी आहे. ठाणेदार बोलतोय. ही ड्यूटी आता माझ्याकडे."

मग कडी वाजली. दारात एक बुटका, पांढऱ्या मिशांचा माणूस उभा होता, इस्त्रीचा सदरा, छातीवर दोन पदकं. त्यानं सुभेदारांना सलाम केला, मग माझ्याकडे वळून म्हणाला, "चार्ज घ्या. एक डबा. एक काडेपेटी." दोन्ही वस्तू त्यानं माझ्या हातात दिल्या. सुभेदारांनी त्याला मिठीत घेतलं आणि वऱ्हाडीत, फौजेतली नव्हे अशी, एक सणसणीत शिवी दिली. दोघंही रडत होते. माझे शिपाई कोपऱ्यामागून बघत होते, आणि मी डबा हातात धरून उभा होतो. मीही रडत होतो, सांगायला आता हरकत नाही.

नऊ-पाचला झेंडा वर गेला. सगळ्यात मागच्या रांगेत ते दोघं सावधानमध्ये उभे होते. पुढे मुलांना बुंदीचे लाडू वाटले. एका गुरुजींनी त्यांनाही एक एक दिला.

कार्यक्रम आटोपल्यावर मी उपविभागीय अधिकारी साहेबांना त्यांच्या खोलीत गाठलं आणि झालं ते सगळं सांगितलं. शेवटी म्हणालो, "साहेब, मी त्याची ड्यूटी घेतली आहे. आता तुम्ही सांगा, मी ती कशी करू?" माणूस तरुण होता, आणि भला होता. टोपी न घालताच ते उठले, रस्ता ओलांडून मांडवात गेले आणि सतरंजीवर बसून दहाही जणांचे आदेशाचे कागद स्वतः वाचले. त्यानंतर कागद हलला. मीही त्याच्या मागं लागलो. मोजणीच्या कार्यालयात माझं इतकं जाणं झालं की तिथले लोक मला पाहून चहा सांगायचे. दिवाळीनंतर भूमापक साखळी घेऊन शिवारात उतरले आणि एकेकाला ताबा मिळत गेला.

वरिष्ठ साहेबांचा फोन त्या दिवशी दुपारी आला. आदेश मोडल्याचं मी आधी सांगून टाकलं, मग बाकीचं. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाले, "लेखी काही पाठवू नका. जेवलात का?" एवढ्या मोठ्या पदावरच्या माणसाचे हे दोन शब्द मी विसरलेलो नाही.

नायकावर गुन्हा दाखल केला नाही. त्याची मुलगी जऊळक्याहून आली, बापाच्या अंगावर ओरडली, मग त्याला जेवू घातलं. जेवण मांडवातच होतं. भाजीवाल्या काकूंनी स्वतः वाढलं. वाढता वाढता त्या नायकाला म्हणाल्या, "तू सांगतलं तरी म्या कमी आनली नाई, बापा. पुरीच आनली."

जेवणं झाल्यावर सुभेदारांनी वही काढली. कालची चिठ्ठी चढवली. 'परत' या रकान्यात आज आठ-चाळीस अशी वेळ लिहिली. मग त्याखाली दुसरी ओळ आखली आणि वही माझ्यापुढे केली. "ड्यूटी घेनाऱ्याची सही करा, सायेब." मी सही केली. आयुष्यभर मी पंचनाम्यांवर, अटकपत्रांवर, दोषारोपपत्रांवर सह्या केल्या. त्यातल्या किती बरोबर होत्या, कोण जाणे. ही एक बरोबर होती एवढं मला माहीत आहे.

या प्रकरणानं मला काय शिकवलं, तर एवढंच. एखाद्या माणसाला उचलण्याआधी तो कोणाला सांभाळून आहे ते विचारावं. आम्ही आंदोलनाकडे बंदोबस्ताचा नकाशा म्हणून बघतो, कुठं किती माणसं, कोण म्होरक्या, म्होरक्या हलवला की बाकीचे पांगतील. म्होरक्या हाच कधी कधी सगळ्यांना धरून ठेवणारा असतो, हे त्या नकाशात दिसत नाही. आणि माहिती द्यायला आलेल्या बाईला 'नंतर या' म्हणू नये. मी त्या दिवशी म्हटलं होतं. त्या गेल्या नाहीत, हे माझं नशीब. त्या हटवादीपणाबद्दल मी त्यांचे आभार किती वेळा मानले असतील, त्या मला आता वेडा समजतात.

नायक आजकाल त्यांच्याच मळ्यात असतो. मोटार चालू-बंद करणं, मेथीच्या जुड्या बांधणं, बाजारच्या दिवशी टोपली गाडीवर चढवणं. बोलतो अजूनही कमीच.

दहांपैकी दोघांच्या जमिनीवर दुसऱ्या कोणी हक्क सांगितला आणि ते दोन दावे कोर्टात आहेत. त्यातला एक नायकाचा. तारीख असली की मी जातो. गेल्या वर्षी माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, तेव्हा सुभेदारांच्या घरी जाऊन मी जरा भीत भीतच म्हटलं, आता वय झालं, सरकारनंही निवृत्त केलं, ती वही काढा आणि माझ्या नावापुढे ड्यूटी संपल्याची वेळ टाका. सुभेदारांनी चष्मा लावला, वही काढली, ते पान उघडलं, माझी सही निरखून पाहिली आणि वही मिटून परत पेटीत ठेवली.

"दोघायचा ताबा बाकी हाय," ते म्हणाले. "कुलूप लावतो. पुढची तारीख कवा हाय?"

सरकारनं मला निवृत्त केलं त्याला आता काही वर्षं झाली. सुभेदारांनी अजून केलेलं नाही. त्याबद्दल मी त्यांचा ऋणी आहे.